जागा हाय

प्रोजेक्टर भाड्याचा, मोंढ्याजवळच्या मंडपवाल्याकडून आणलेला.
पडदा म्हणजे मिशन दवाखान्याची चादर,
कोपऱ्यात निळा शिक्का: वॉर्ड नंबर दोन, स्त्रिया.
पिक्चर सुरू झाला तेव्हा बेथलेहेमचा तारा
नेमका त्या शिक्क्यामागून उगवला.

लोडशेडिंगची रात्र. बाहेर जनरेटर धडधडतोय,
आत आम्ही साठ-सत्तर पोरं सतरंजीवर, मुठीत शंकरपाळे.
कार्टूनमधल्या मरियेचे डोळे बशीएवढे,
गाढवाला लांब पापण्या.
आणि आवाज गेला.
दानियलने वायर हलवली, स्पीकरला दोन चापट्या मारल्या,
पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करू या,
तेवढ्यात बोर्डिंगच्या स्वयंपाकीण सलोमीबाई
पदराला हात पुसत उठल्या
नि चादरीशेजारी जाऊन उभ्या राहिल्या.
"चालू ठिव रे. मी बोलते."

मग ते गाढव जालन्याचं झालं.
"आरं योसेफा, किती चालवायलास,
खुरांचा पार भुगा झाला माझ्या."
बर्फ पडू लागला, तर म्हणाल्या,
"जिनिंगचं दार कुणी उघडं टाकलं? कापूस उडायलाय बघा."
आम्ही कुणी बर्फ पाहिला नव्हता.
आजही बेथलेहेम म्हटलं की
माझ्या नाकात सरकीचा वास येतो.

मग तो आला, उतारशाळेचा मालक.
जाडजूड, हातात कंदील, मिशा कंगव्यासारख्या.
दार किलकिलं केलं. ओठ हलले.
त्याचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ,
दर नाताळाच्या नाटकात कुणीतरी ते म्हणतंच,
आदल्या वर्षी मीच म्हणालो होतो, चुलत्याचं जाकीट घालून.

सलोमीबाई गप्प.
जनरेटर ऐकू आला.
त्याचे ओठ मिटायच्या आत त्या घाईघाईने म्हणाल्या,
"या की. आत या. जागा हाय.
अवघडलेली बाई, दारात काहून उभी?
ए, पाणी ठिवा रे तापायला."

पण पिक्चरला मराठी कुठं कळत होतं.
दार लागलं.
गाढव वळलं, ती दोघं अंधारात चालू लागली.

ईस्तर, पाळकांची धाकटी, उभीच राहिली:
"मावशी, तो तर नाही म्हणाला!"
"म्हणू दे त्याला. मी नाही म्हणणार."

उंटावरचे तिघे आले तोवर त्यांचा गळा पुन्हा मोकळा झाला होता.
"सोनं ठिवा तिकडं. दूध आणलं का कुणी?"
आम्ही इतके हसलो
की शंकरपाळे सतरंजीभर.

बाकीचं फार उशिरा कळलं, आईकडून,
तेही मेथी निवडताना, मान वर न करता.
बाई पोटुशी होत्या, भोकरदनहून नवऱ्याबरोबर आल्या,
खोली शोधत.
लोकांनी नाव विचारलं. आडनाव विचारलं.
मग कुणाची खोली कालच गेली होती,
कुणाचा भाऊ यायचा होता,
एकीने तर चहा पाजला आणि नंतर सांगितलं.
नऊ दारं.
सोन्याचा पाळणा म्हणतात आमच्या जालन्याला.
शेवटी जिनिंगमागचं गोदाम,
तिथं सरकीच्या पोत्यांवर
दानियल.

परवा तो पिक्चर मोबाईलवर सापडला.
लेकीला मांडीवर घेऊन लावला.
आवाज होता या वेळी, स्वच्छ, परक्या गळ्याचा,
मालक ते वाक्य म्हणाला आणि दार लावलं.
लेकीला त्यात काही खटकलं नाही.
मला मात्र वाटलं,
ओठ हलण्याआधी तो जरासा थांबतो,
कंदील बोटभर खाली येतो.
पूर्वीही यायचा का?
मी मागे नेऊन पाहिलं. तीनदा.
चौथ्यांदा आवाज बंद केला.

लेक म्हणाली, बाबा,
आवाज गेला.